तापमान आणि तंतुमिश्रित पदार्थांची आघात-सहनक्षमता

भुसा मिसळून मळलेल्या मातीची भिंत नुसत्या मातीच्या भिंतीपेक्षा अधिक टिकते, हे ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. काचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतू राळेत बसवून तयार होणारे आधुनिक संमिश्र पदार्थ याच तत्त्वावर आधारलेले आहेत. कोकण किनाऱ्यावरील फायबरच्या होड्या, पाण्याच्या टाक्या, पवनचक्क्यांची पाती अशा अनेक वस्तू त्यांपासून बनतात. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोईंग ७८७ विमानाचा तर वजनाने सुमारे निम्मा भाग अशा पदार्थांचा आहे. या विमानाच्या काही तुळया नागपूरच्या मिहान क्षेत्रात तयार झाल्या आहेत.

हे पदार्थ हलके व बळकट असले, तरी आघाताच्या बाबतीत त्यांचा स्वभाव धातूहून वेगळा आहे. पत्र्यावर हातोडा पडला की पोचा येतो आणि इजा दिसते. थरांनी बनलेल्या संमिश्र पदार्थाचा पृष्ठभाग मात्र जवळजवळ अभंग राहू शकतो आणि आतील थर एकमेकांपासून सुटतात. असा भाग पुढे दाबाखाली पुष्कळ कमी भारालाच निकामी होण्याचा संभव असतो. ही इजा किती होईल, हे तापमानावरही अवलंबून असते.

थंडीचा परिणाम

विमानांसाठी वापरली जाणारी इपॉक्सी राळ बहुधा १८० अंश सेल्सियसच्या आसपास पक्की केली जाते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५५ अंशांच्या जवळ असते. म्हणजे हा फरक सुमारे २३५ अंशांचा झाला. थंड होताना राळ आकसते. कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीमुळे आघातापूर्वीच पदार्थात ताण साठतो. शिवाय थंडीत राळ ठिसूळ होते. परिणामी सूक्ष्म भेगा पडण्याची व थर सुटण्याची शक्यता वाढते. तथापि सर्वांना एकच नियम लागू नाही. काचतंतू थंडीत अधिक बळकट होत असल्याने त्यांचे काही संमिश्र पदार्थ उलट अधिक आघात सोसतात.

उष्णतेचा परिणाम

माफक उष्णतेने राळ किंचित लवचिक होते व आघात काही प्रमाणात पचवते. परंतु विशिष्ट मर्यादेजवळ ती मऊ पडू लागते, तंतूंना मिळणारा आधार सुटतो आणि दाब सोसण्याची शक्ती घटते. राळेत मुरलेला ओलावा ही मर्यादा आणखी खाली आणतो. होड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या पॉलिएस्टर राळेची मर्यादा विमानाच्या इपॉक्सीहून सामान्यतः बरीच कमी असते. म्हणून ऊन आणि दमटपणा यांचा एकत्रित विचार करणे अगत्याचे ठरते.

याच कारणास्तव नमुन्यांवर ठरावीक वजन पाडून घेतल्या जाणाऱ्या चाचण्या थंड, सामान्य व उष्ण अशा निरनिराळ्या तापमानांत करणे इष्ट असते. प्रत्यक्ष वापरातही एक साधा उपाय उपयोगी पडतो. आघात झालेल्या जागी नाण्याने हलकेच ठोकून पाहिल्यास, खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येणे हे थर सुटल्याचे लक्षण असू शकते. अशी वस्तू जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरात आणू नये. वरून शाबूत दिसणारी वस्तू आतूनही शाबूत असेलच, असे या पदार्थांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही.