आरसे नवे झाले. दार सर्वांसाठी उघडे आहे काय?

नाशिक शहरात आज गल्लोगल्ली सलून आहेत. पाच-सात वर्षांनी मालक कर्ज काढतो, नव्या खुर्च्या, नवे आरसे, नवी रोषणाई करतो आणि फीत कापण्याची घाई करतो. ‘कागदपत्रांचे नंतर बघू,’ असे म्हणतो. ही वृत्ती घातक आहे. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला कुणीही दमदाटी करू शकतो आणि आपला लहान व्यावसायिक नेमका तेथेच मार खातो.

म्हणून दुकान पुन्हा उघडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. रंगरंगोटी, फरशी यांसारख्या आतल्या दुरुस्तीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. परंतु भिंत पाडली, बांधकाम वाढवले किंवा दर्शनी भाग बदलला, तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे आधीच जावे. गिझर, वातानुकूलन यंत्र वाढले असेल तर महावितरणकडून वीजभार वाढवून घ्यावा. दुकान व्यापारी संकुलात असेल तर २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे प्रमाणपत्र दिले गेले आहे काय, हे विचारावे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदीत बदल झाला असेल तर तो कळवावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे. आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला नवे ब्लेड हवेच! कावीळ ‘ब’ आणि ‘क’चे विषाणू रक्तातून पसरतात, ते जात विचारत नाहीत.

हे सर्व झाले. प्रमाणपत्रे चौकटीत बसवून भिंतीवर लागली. पण एक परवाना असा आहे, जो कोणत्याही भिंतीवर दिसत नाही. तो म्हणजे समतेचा!

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार उघडण्यासाठी माणसांना लढावे लागले. तो लढा मंदिरापुरता नव्हता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दुकान प्रवेशाच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा व्यापक अर्थ सांगितला. जेथे कोणी आपली सेवा देऊ करतो ते दुकान. नुसता आत प्रवेश नव्हे, तर सेवा मिळण्याचा हक्क त्यात येतो. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी संमत झाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढे १९५५ च्या कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, ‘दुकान’ या व्याख्येत केस कापण्याच्या सलूनचा स्पष्ट उल्लेख केला. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. त्यात दोषी ठरलेल्याचा व्यवसाय परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. आपल्या तरुणाने सलून काढले आणि जातीवरून त्याला अडवले, तर तोही गुन्हाच! त्याशिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला दुकानात येण्यापासून रोखल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो.

यात नाभिक बांधवांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. तेही याच जातिव्यवस्थेचे बळी आहेत. अनेकदा गावातील बलदंडांच्या धाकाने त्यांच्या हातचा वस्तरा थांबतो. अशा वेळी कायदा त्यांच्याही पाठीशी उभा राहू शकतो, हे त्यांना कुणी सांगितले आहे काय?

म्हणून ज्यांचे सलून नव्याने सजते आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. कागद पूर्ण करा, पावत्या जपून ठेवा, कामगाराला साप्ताहिक सुट्टी व किमान वेतन द्या. आणि मराठी पाटीच्या खाली एक ओळ ठळक लिहा: ‘येथे सर्वांचे स्वागत आहे.’ ही ओळ लिहायला कोणत्याही कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. ती पाळण्याची हिंमत मात्र लागते!