दगड आणि पाणी : कर्नाटकातील एक मोटारप्रवास

दिवाळीची सुटी जवळ आली की वर्गावर्गातून सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कोणी महाबळेश्वराचे नाव घेतो, कोणी गोव्याच्या समुद्राचे, तर कोणी म्हैसूरच्या राजवाड्याचे. आपण बेळगावकर ज्या राज्यात राहतो, त्याचा उत्तर व पश्चिम भाग मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. घराजवळचे तीर्थ नेहमी राहूनच जाते, त्यातला हा प्रकार. म्हणून बेळगावाहून निघून बेळगावासच परत येणारा, सुमारे एक हजार किलोमीटरांचा आणि सात-आठ दिवसांत सावकाश पुरा होणारा एक मार्ग आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

केवळ स्थळांची यादी देणे हा आमचा हेतू नाही. सुंदर स्थळ पाहून 'वाहवा' म्हणणे सोपे आहे. ते सुंदर का झाले हे जाणणे अधिक आनंदाचे आहे. त्यासाठी प्रत्येक मुक्कामी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. येथील दगड कोणता? येथील पाणी कोठून येते व कोठे जाते? आणि माणसाने या दोहोंचे काय केले? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक सर्व सृष्टिसौंदर्य आणि बराचसा इतिहास सामावलेला असतो.

प्रथम पाण्याची दिशा ध्यानात घेऊ. आपल्या खानापूर तालुक्यातील कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यातील डोंगरांत म्हादई जन्मते व गोव्यात मांडवी होऊन पश्चिम समुद्रास भेटते. म्हणजे एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांचे मार्ग कायमचे वेगळे होतात. आपला प्रवासही असाच आहे. पूर्वार्ध पूर्ववाहिनी नद्यांच्या काठाने, उत्तरार्ध पश्चिमवाहिनी नद्यांच्या संगतीने.

पहिला टप्पा गोकाकचा. बेळगावाहून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. येथे घटप्रभा नदी घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. पावसाळ्यात हे पाणी तांबूस, गढूळ आणि प्रचंड असते. उन्हाळ्यात कड्याचा नुसता खडक दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सूतगिरणी उभी राहिली आणि धबधब्याच्या शक्तीवर तिची यंत्रे फिरू लागली. निसर्गाची शोभा आणि माणसाचा उद्योग यांची गाठ येथे पहिल्यांदा पडते. ती पुढेही पडणार आहे, म्हणून येथेच तिची नोंद करून ठेवावी. गोकाकची लाकडी रंगीत फळे आणि करदंट नावाची मिठाई मुले विसरणार नाहीत, हे आम्ही निराळे सांगत नाही.

गोकाकहून बदामीकडे जाताना दगडाचा रंग पालटतो. आपल्या ओळखीचा काळा पाषाण मागे पडतो आणि गेरूसारख्या तांबड्या वालुकाश्माचे कडे समोर येतात. वालुकाश्म म्हणजे प्राचीन काळी पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे थरावर थर बसून, दाबाने घट्ट होऊन बनलेला दगड. तो थरांचा असल्यामुळे त्यात आडवे छत सहज राखता येते आणि ग्रॅनाइटच्या मानाने मऊ असल्यामुळे छिन्नीला वश होतो. बदामीची लेणी येथेच का खोदली गेली याचे अर्धे उत्तर या दगडातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर चालुक्यांनी दिले. पहिल्या पुलकेशीने येथील डोंगरावर इसवी सन ५४३ मध्ये किल्ला बांधल्याचा शिलालेख आहे. तिसऱ्या लेण्यातील लेख शके ५००चा, म्हणजे इसवी सन ५७८चा असून तो मंगलेशाचा आहे. पहिल्या लेण्यातील अठरा हातांच्या नटराजापुढे थोडा वेळ उभे राहावे. हातांच्या निरनिराळ्या जोड्या डोळ्यांनी जुळवीत गेले की दगडच नाचू लागल्याचा भास होतो. दोन कड्यांच्या मध्ये अगस्त्यतीर्थ नावाचा तलाव आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी त्यात साठते. सायंकाळी तांबड्या कड्याची छाया त्या पाण्यात पडते, तेव्हा चालुक्यांनी राजधानीसाठी हीच जागा का निवडली याविषयी शंका उरत नाही.

बदामीपासून २२ किलोमीटरांवर पट्टदकल आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर ऐहोळे. दोन्ही गावे मलप्रभेच्या काठी आहेत, म्हणजे खानापूरचे पाणी आपल्याला येथे पुन्हा भेटते. पट्टदकलजवळ नदी उत्तरेकडे वळते आणि उत्तरवाहिनी म्हणून हे स्थान पवित्र मानले गेले. येथे उत्तरेकडील नागर आणि दक्षिणेकडील द्राविड, अशा दोन्ही पद्धतींची मंदिरे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांतील विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी या राणीने, पती दुसरा विक्रमादित्य याने कांचीवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ आठव्या शतकात बांधविले. वेरूळच्या कैलास लेण्याचा आराखडा या मंदिरावरून सुचला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. १९८७ साली पट्टदकलचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

ऐहोळे येथे मराठी वाचकाने एक टेकडी अवश्य चढावी. तिच्यावर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीवर शके ५५६चा, म्हणजे इसवी सन ६३४-३५चा रविकीर्तीचा संस्कृत लेख आहे. हर्षवर्धनाचा पराभव करणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती. तिच्यात कालिदास व भारवी यांची नावे येतात, आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेखही येतो. ज्या राजवंशाची राजधानी कर्नाटकात, त्याच्याच राज्यात महाराष्ट्र होता. आज ज्या सीमेवर आपण राहतो, तिच्या दोन्ही बाजूंचा इतिहास असा एकाच दगडावर कोरलेला आहे. हे वाचल्यावर शेजाऱ्याची भाषा परकी वाटू नये, एवढी अपेक्षा आम्ही करतो.

यानंतर काळ्या जमिनीचा सपाट मुलूख ओलांडून हंपीस जावे. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. येथील देखावा पाहून मूल विचारते, "हे दगड कोणी रचले?" खरे तर ते कोणी रचलेले नाहीत. येथील ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटात थिजून तयार झाला आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. वरचा थर झिजत गेला, खडकास उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांत पाणी शिरून कोपरे खाऊ लागले आणि चौकोनी ठोकळे हळूहळू वाटोळे झाले. मऊ भाग वाहून गेला, गोल शिळा जेथल्या तेथे एकमेकींवर राहिल्या.

या शिळांच्या आश्रयाने आणि तुंगभद्रेच्या पाण्यावर १३३६ साली विजयनगर वसले आणि १५६५च्या लढाईनंतर उद्ध्वस्त झाले. अनेक शिळांवर ओळीने पाडलेली चौकोनी छिद्रे दिसतात. त्यांत पाचरा ठोकून कारागीर दगड फोडीत असत; काही शिळा अर्ध्या फोडून तशाच राहिल्या आहेत. विठ्ठल मंदिरातील दगडी रथ तर पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर सर्वांनी पाहिलेलाच आहे. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरास नेली होती व एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. त्यामुळे या मंदिरात उभे राहिल्यावर मराठी माणसाचे मन थोडे हलल्यावाचून राहत नाही. मातंग टेकडीवरून सूर्योदय पाहावा आणि नदीवर टोपलीसारख्या वाटोळ्या होड्या पाहाव्यात.

हंपीविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगावयाची आहे. २०१९ साली काही तरुणांनी येथील एका मंदिराचा खांब ढकलून पाडला आणि त्याचे चित्रणही केले. न्यायालयाने त्यांना प्रत्येकी सत्तर हजार रुपये दंड केला आणि तोच खांब त्यांच्याकडून पुन्हा उभा करविला. दंडापेक्षा ही दुसरी शिक्षा आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. पाडण्यास क्षण पुरतो. उभारताना दगडाचे खरे वजन कळते.

हंपीहून गदग-हुबळीकडून शिरसीस जाताना एकाच दिवसात जणू दोन ऋतू पालटतात. कोरडे माळ संपतात, झाडी दाटते, सुपारीच्या बागा व त्यांवर चढलेले मिरीचे वेल दिसू लागतात. येथून नद्या पश्चिमेकडे वाहतात. त्यांतील शरावती केवळ १२८ किलोमीटर लांबीची. पण जोग येथे ती राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारांनी २५३ मीटर खाली कोसळते. राजा संथ व अखंड, राणी नागमोडी, रोअरर गर्जना करणारा आणि रॉकेट उसळ्या घेत सुटणारा, अशी प्रत्येकाची चाल वेगळी आहे.

तथापि आज जोगचा देखावा केवळ पावसाच्या हाती नाही. १९४८ साली येथे वीज निर्माण होऊ लागली आणि १९६४ साली वरच्या अंगास लिंगनमक्की धरण पुरे झाले. शरावतीच्या खोऱ्यातील मुख्य वीजकेंद्राची शक्ती १०३५ मेगावॉट आहे. आपल्या घरातील दिव्यांत व शाळेच्या पंख्यांत या नदीचा वाटा आहे. म्हणून उन्हाळ्यात जोगला जाऊन नुसता कडा दिसला तर निराश होऊ नये. नदी नाहीशी झालेली नाही, ती तारांतून वाहते आहे. पण या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धरणात गावे बुडाली, हजारो माणसांनी घरे सोडली. तुमरी परिसरातील लोकांचा जवळचा मार्ग पाण्याखाली गेला आणि रुग्णास नेण्यासही त्यांना लाँचची वाट पाहावी लागे. त्या जलाशयावरील सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. प्रकाश आपल्याला मिळाला आणि त्याची किंमत जवळजवळ सहा दशके त्यांनी भरली. जोगच्या कठड्याशी उभे असताना याची आठवण ठेवणे, हाही प्रवासाचाच भाग आहे.

जोगहून गेरसोप्प्याचा घाट उतरून होन्नावरास आले की दगड पुन्हा बदलतो. आता जांभा, आम्हां कोंकणी बोलणारांच्या घरांचे 'चिरे' ते याचेच. लोहाचा अंश असल्यामुळे तो तांबडा. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होतो, हा त्याचा विशेष गुण. कुमट्याजवळील मिरजानचा किल्ला याच दगडाचा. मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज जिला 'मिरीची राणी' म्हणत, त्या गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीशी त्याचे नाव जोडलेले आहे. पावसाळ्यानंतर त्याचे बुरूज हिरव्या शेवाळाने मखमली दिसतात. जवळच वाहणाऱ्या अघनाशिनीवर मोठे धरण नाही. तिच्या खाडीत लोक आजही तिसऱ्या वेचतात, आणि २०२४ साली या खाडीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. शरावती आणि अघनाशिनी या दोन शेजारणींची तुलना विद्यार्थ्यांनी स्वतःच करून पाहावी.

कुमट्याहून आत वळून याणाचे काळे चुनखडीचे सुळके पाहावेत. त्यांतील भैरवेश्वर शिखर सुमारे १२० मीटर उंच आहे. पुढे गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेऊन कारवार गाठावे. तेथे रवींद्रनाथांचे बंधू सत्येंद्रनाथ न्यायाधीश होते आणि त्यांच्याकडे असताना तरुण रवींद्रनाथांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. येथील समुद्रकिनाऱ्यास आज त्यांचेच नाव आहे.

या किनारपट्टीचा रस्ता अतिशय रम्य आहे, पण तोही आपल्यास काही शिकवितो. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे डोंगर महामार्गावर कोसळला आणि अनेकांचे प्राण गेले. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा उतार उभा कापलेला होता, त्यावर अतिवृष्टी झाली. त्याच वर्षी ७ ऑगस्टला कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल ढासळला. आपण जेथून सुखाने मोटार हाकतो तो रस्ता कोणत्या दगडातून काढला आहे, पाणी त्याच्या पोटात कसे शिरते, हा प्रश्न केवळ भूगोलाच्या परीक्षेपुरता नाही, हे यावरून दिसेल.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ही वाट टाळावी. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. धबधब्यांत बरेचसे पाणी असते आणि घाट निर्धोक होतात. परतताना कारवारहून अणशी घाट दिवसाउजेडी चढावा व काळी व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यातून दांडेलीमार्गे बेळगावास यावे. वनात मोटार हळू हाकावी, शिंग वाजवू नये. नशीब असेल तर मोठा धनेश पक्षी पंखांचा आवाज करीत डोक्यावरून जाताना दिसतो.

बरोबर एक वही न्यावी. प्रत्येक ठिकाणी दगडाचा रंग, नदीचे नाव व तिची दिशा आणि तेथील एखाद्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट तीत लिहावी. गोष्ट कन्नडात ऐकली तर कन्नड शब्द तसाच टिपून घ्यावा. सुटी संपल्यावर ज्यांच्या वह्या भरलेल्या असतील, त्यांनी त्या वर्गात वाचून दाखवाव्यात. पुढील अंकासाठी आम्ही त्यांची वाट पाहू.