बांधा सारखाच, चरबी दुप्पट

‘तोंडावर ताबा नाही’ असं जाड माणसाला सर्रास सुनावलं जातं. हा अन्याय आहे; अंगात किती चरबी साठते, हे फक्त खाण्यावर ठरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! खाणं-चालणं आपल्या हातात असतंच, पण या ठेवणीची सुरुवात आईच्या पोटातच होते. एका अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. एक घासही न खाल्लेली आपली ही बाळं, दंड काटकुळे. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती.