हार्नेस अंगात आहे, पण तो जीव वाचवेल का? उंचीवर काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढं तपासाच

रमजान जवळ आला की मशिदीच्या रंगाचं काम निघतं. मिनाराला रंग, घुमटाची धुलाई, लाइटिंगच्या माळा. आमच्या मोहल्ल्यातही असंच काम चालू होतं. दोन तरुण मिनारावर चढले होते. दोघांच्याही अंगात हार्नेस दिसत होता, म्हणून खाली उभे असलेले आम्ही सगळे निश्चिंत होतो. तेवढ्यात गल्फमध्ये बरीच वर्षं परांची बांधण्याचं काम करून आलेले एक चाचा तिथे थांबले. त्यांनी वर बघितलं आणि एका मुलाला हाक मारून खाली बोलावलं. त्याच्या हार्नेसचे मांडीचे दोन्ही पट्टे मोकळे लोंबत होते.

"चढताना पायात अडकतात, म्हणून सोडलेत," मुलगा म्हणाला.

"बेटा, पडलास तर हार्नेस वर दोरीला राहील आणि तू खाली येशील," चाचा म्हणाले.

हे ऐकून आम्हीच गप्प झालो. कारण आम्हालाही हार्नेस दिसला होता, तो बरोबर घातलाय की नाही हे दिसलं नव्हतं.

आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी उंचीवरच्या कामावर चालते. कोणी रंगारी, कोणी सेंट्रिंगवर, कोणी फॅब्रिकेशन करणारा, कोणी बाराव्या मजल्यावर एसी लावणारा, कोणी दुबई-कतारमध्ये परांचीवर. अशा माणसाला निघताना आपण दुआ देतो, ती द्यायलाच हवी. पण आधी उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून आज त्या बांधण्याबद्दलच बोलू.

कमरेचा बेल्ट का नको?

बऱ्याच साइटवर अजून नुसता कमरेचा बेल्ट देतात. दोन मीटर खाली पडेपर्यंत माणसाचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास पोचतो, आणि त्याला पाऊण सेकंदही लागत नाही. या वेगाने येणारं शरीर कमरेच्या एका पट्ट्यावर अडलं, तर सगळा झटका पोटावर आणि पाठीच्या कण्यावर बसतो. माणूस मधोमध दुमडतो, कधी बेल्टमधून निसटतोही. याच कारणाने अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला अडवण्यासाठी कमरेचा बेल्ट वापरायला बंदी आहे.

पूर्ण अंगाचा हार्नेस तोच झटका मांड्या, कुल्ले, छाती आणि खांदे यांच्यात वाटून देतो. त्यातला मोठा भाग मांडीच्या पट्ट्यांवर येतो. म्हणूनच ते पट्टे सोडले की हार्नेसला अर्थच उरत नाही.

घालायची पद्धत

चाचांनी त्या दिवशी मुलाला हार्नेस पूर्ण काढायला लावला आणि पहिल्यापासून घालायला शिकवलं. ती पद्धत अशी:

१. पाठीवरच्या लोखंडी कडीला, म्हणजे डी-रिंगला, धरून हार्नेस उचला आणि झटका. सगळे पट्टे सरळ खाली लोंबले पाहिजेत. पीळ असेल तर आधी काढा.

२. कोट घालतो तसा दोन्ही खांद्यांवर घ्या. डी-रिंग पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध आली पाहिजे. ती खाली कमरेकडे घसरली असेल तर लटकताना माणूस पुढे झुकतो.

३. मांडीचे पट्टे पायांमधून घेऊन बकल लावा. पट्टा आणि मांडी यांच्यात सपाट हात जावा, पण मूठ जाऊ नये. एवढंच घट्ट, एवढंच सैल.

४. छातीचा पट्टा छातीच्या मधोमध असावा. वर गळ्याजवळ असेल तर पडताना गळा आवळतो. फार खाली असेल तर खांद्याचे पट्टे बाजूला सरकून माणूस निसटू शकतो.

५. उरलेली टोकं अडकवून टाका. मग ताठ उभे राहा, वाका, उकिडवे बसून बघा. कुठे ओढत असेल किंवा सैल वाटत असेल तर आताच नीट करा.

६. शेवटी दुसऱ्याला पाठ दाखवा. स्वतःची डी-रिंग स्वतःला दिसत नाही.

कपड्यांचाही विचार करा. लांब कुर्ता मांडीच्या पट्ट्याखाली गोळा होतो, त्यामुळे पट्टा घट्ट वाटतो पण तो असतो सैल. लुंगीवर तर हार्नेस घालूच नये. पँट आणि अंगाबरोबर बसणारा शर्ट सगळ्यात बरा. पट्ट्याखाली येणाऱ्या खिशातला मोबाइल आणि चाव्या काढून ठेवा.

हूक कशाला अडकवताय?

हार्नेस नीट घातला आणि हूक चुकीच्या जागी लावला, तर सगळं फुकट. अमेरिकेच्या नियमात हूक लावायची जागा माणशी ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो भार झेलणारी लागते. दोन छोट्या मोटारी टांगता येतील एवढी मजबुती झाली ही. आता विचार करा, पाण्याचा प्लास्टिकचा पाइप, खिडकीचं ग्रिल, एसीचा ब्रॅकेट, डिश अँटेना किंवा मिनारावरचा लाउडस्पीकरचा पाइप हे झेलेल का? आरसीसीचा खांब, मजबूत बीम किंवा त्यासाठीच बांधलेली लाइफलाइन, अशीच जागा हवी.

हूक डोक्याच्या वर असावा. पायाजवळ लावला तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस दोरीच्या जवळजवळ दुप्पट अंतर पडतो. तो बाजूला फार दूरही नको, नाहीतर माणूस झोपाळ्यासारखा भिंतीवर आपटतो. जागा बदलताना दोन हूक असलेली दोरी वापरा. दुसरा हूक लागल्याशिवाय पहिला काढायचा नाही. दोरी लांब वाटली म्हणून तिला गाठ मारू नका, गाठीमुळे तिची ताकद कमी होते.

खाली किती जागा आहे?

हा प्रश्न साइटवर क्वचितच कोणी विचारतं. समजा दोरी २ मीटरची आहे आणि तिला शॉक अब्सॉर्बर आहे. म्हणजे ती शिवलेली जाड पिशवी, जी पडताना उसवत जाते आणि झटका कमी करते. ती पावणेदोन मीटरपर्यंत उसवू शकते. डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर धरा आणि वर एक मीटर राखीव ठेवा. बेरीज होते सव्वासहा मीटर. हूक लावलेल्या जागेखाली एवढी मोकळी जागा नसेल, तर दोरी पूर्ण ताणण्याआधीच माणूस जमिनीवर आदळेल. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर काम करताना म्हणूनच आखूड दोरी किंवा आपोआप गुंडाळली जाणारी लाइफलाइन लागते. आधी मोजा, मग चढा.

लटकलेल्या माणसाला लगेच उतरवा

पडला, हार्नेसने अडवलं, अल्हम्दुलिल्लाह. पण धोका तिथे संपत नाही. हालचाल न करता लटकून राहिलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूकडे कमी जातं. काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि अर्ध्या तासाच्या आत जीवही जाऊ शकतो. म्हणून वर कोणी असेल तर खाली कोणीतरी हजर हवाच, आणि कसं उतरवायचं हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. शिडी कुठे आहे? दोरी कोणाकडे आहे? फायर ब्रिगेड १०१, ॲम्ब्युलन्स १०८ हे नंबर तोंडपाठ हवेत. लटकलेल्याने शुद्ध असेपर्यंत पाय हलवत राहावं, जमल्यास दोरीचा फास करून त्यात पाय रोवावा. उतरवल्यावर तो ठीक दिसला तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच.

हार्नेस कधी बाद करायचा?

रोज चढण्याआधी पट्ट्यांवरून हात फिरवा. चीर, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेलं भोक, उसवलेली शिलाई, उन्हाने कडक झालेला पट्टा, गंजलेलं बकल, नीट बंद न होणारा हूक, यातलं एकही दिसलं तरी तो वापरू नका. रंग आणि थिनरनेही पट्टा कमजोर होतो. ज्या हार्नेसने एकदा पडणाऱ्याला झेललं, तो वरून नवा दिसला तरी बाद समजा आणि कापून टाका, म्हणजे दुसरा कोणी घालणार नाही. धुवायचा असेल तर साध्या साबणाने, आणि सावलीत वाळवा. नवीन घेताना लेबल वाचा. भारतात आयएस ३५२१ हे मानक आहे, तर युरोपीय मालावर ईएन ३६१ लिहिलेलं असतं. लेबलच नसेल तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

घरच्यांनी आणि कमिटीने काय करायचं?

घरच्यांनी एवढंच विचारावं, "हार्नेस कोणी दिला? मांडीचे पट्टे लावतोस ना? हूक कुठे लावतोस?" पहिले दोन दिवस तो हसेल, तिसऱ्या दिवशी उत्तर देईल. रोजाच्या दिवसांत दुपारी पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते, म्हणून उंचीवरचं काम सकाळीच उरकावं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. ती अजून केली नसेल तर करून घ्या.

आणि मशिदीच्या कमिट्यांना आमची विनंती आहे. रंगाचा ठेका देताना आपण फुटामागे दर किती, एवढंच विचारतो. मुलं काय घालून चढणार, खाली कोण उभं राहणार, हेही विचारा. अल्लाहच्या घराचं काम आहे, त्यात कोणाच्या घरचा मुलगा जाता कामा नये.

आमच्या मिनाराचं काम त्या दिवशी तासभर उशिरा सुरू झालं. दोन्ही मुलांनी पट्टे लावले, एकमेकांची पाठ तपासली आणि मगच चढली. त्या तासाबद्दल कोणीही तक्रार केली नाही.