आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्ययन आणि व्यावहारिक शहाणपण

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आपल्याकडे पदवी व पदव्युत्तर वर्गांत प्रामुख्याने सिद्धांतांच्या आधारे शिकविला जातो. वास्तववाद, उदारमतवाद, व्यवस्था सिद्धांत ही प्रकरणे पूर्ण होतात आणि विद्यार्थी त्यांची वैशिष्ट्ये व मर्यादा मुद्देसूद लिहितात. परंतु माहिती अपुरी, वेळ थोडा आणि धोका मोठा असताना राज्यकर्त्याने निर्णय कसा घ्यावा, या प्रश्नाला त्यांच्या उत्तरपत्रिकेत स्थान नसते. या उणिवेचा विचार प्रस्तुत लेखात ॲरिस्टॉटलच्या 'फ्रोनेसिस' या संकल्पनेच्या आधारे केला आहे.

संकल्पना :

'निकोमाखियन एथिक्स'च्या सहाव्या भागात ॲरिस्टॉटल शास्त्रीय ज्ञान, निर्मितीचे कौशल्य आणि फ्रोनेसिस यांत भेद करतो. जे बदलत नाही ते शास्त्राचे क्षेत्र. जे वेगळेही घडू शकते, तेथे योग्य काय हे ठरविण्याची क्षमता म्हणजे फ्रोनेसिस. मराठीत 'व्यवहारज्ञान' हा शब्द जवळचा आहे; परंतु एखाद्यास 'व्यवहारी' म्हणताना स्वार्थाची छटा येतेच. ॲरिस्टॉटलनेही नुसते चातुर्य यापासून वेगळे काढले आहे, कारण चातुर्य वाईट हेतूसाठीही वापरता येते. म्हणून येथे 'व्यावहारिक शहाणपण' हा शब्द योजला आहे. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी विवेकाला राजकारणातील सर्वोच्च सद्गुण मानले होते, हे येथे लक्षात घ्यावे. आपण वास्तववाद शिकविताना सत्ता आणि राष्ट्रहित यांवर थांबतो व हे विधान बहुधा गाळतो.

दि. २७ ऑक्टोबर १९६२ :

क्युबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि, त्यातील एका दिवसाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. दि. २६ रोजी ख्रुश्चेव्ह यांचे पत्र आले. अमेरिकेने क्युबावर आक्रमण न करण्याची हमी दिल्यास क्षेपणास्त्रे काढून घेण्याची तयारी त्यात सूचित होती. दुसऱ्या दिवशी मॉस्को रेडिओवरून दुसरा संदेश प्रसृत झाला आणि त्यात तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे हटविण्याची अट आली. त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले व वैमानिक ठार झाला. कोणते पत्र खरे मानावे, हे कोणताही सिद्धांत सांगू शकत नव्हता.

मॉस्कोत राजदूत राहिलेले लुएलिन थॉम्पसन ख्रुश्चेव्ह यांना व्यक्तिशः ओळखत होते. आपण क्युबा वाचविला, असे सांगता आले तर ख्रुश्चेव्ह माघार घेतील, असा त्यांचा अंदाज होता. केनेडींना याची खात्री नव्हती; तुर्कस्तानाबाबत देवघेव करावी लागेल, याकडे त्यांचा कल होता. अखेर जाहीर उत्तर पहिल्या पत्राला गेले आणि त्याच रात्री रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना ज्युपिटरबाबत गुप्त आश्वासन दिले. माणसाची पारख आणि तडजोडीची तयारी, दोन्ही लागल्या. दि. २८ रोजी ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली.

ही गुप्त बाजू दीर्घकाळ अधिकृत वर्तुळातून स्पष्टपणे मान्य केली गेली नव्हती. तोपर्यंत 'खंबीरपणाचा विजय' एवढाच धडा या प्रसंगातून घेतला जात असे. अर्धे उदाहरण असा चुकीचा धडा देते. पुढे १९९२ मध्ये क्युबात सोव्हिएत रणांगणीय अण्वस्त्रेही होती, हे उघड झाले. म्हणजे हल्ल्याचा सल्ला देणाऱ्यांना आपण काय सुचवीत आहोत, याची पुरती कल्पनाच नव्हती. यात नशिबाचा वाटा होताच, हेही मान्य केले पाहिजे.

अध्यापनाच्या दृष्टीने :

येथे ॲरिस्टॉटलचाच एक आक्षेप आडवा येतो. तरुण माणूस भूमितीत निष्णात होऊ शकतो, पण फ्रोनेसिस त्याच्याकडे नसते. कारण ते अनुभवाने येते, असे तो म्हणतो. मग वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास ते शिकविता येईल काय? (तिशीतल्या प्राध्यापकाकडे तरी ते कितपत असते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.) माझ्या मते पूर्णांशाने येणार नाही, परंतु इतिहास हा उसना अनुभव आहे, आणि शेवट आधी न सांगता तो दिला तर उपयोगी पडतो. मी वर्गात हे कथन २७ तारखेच्या दुपारी थांबवितो, दोन्ही पत्रांचा आशय देतो आणि उत्तराचा मसुदा लिहावयास सांगतो. पुढे उघड झालेली माहिती त्यानंतरच देतो. बहुतेकांचे मसुदे कडक भाषेत असतात. नवी माहिती ऐकल्यावर काही जण आपला कागद परत मागतात. तो मी देत नाही, कारण पुढची चर्चा त्याच कागदावर होते.

खरी अडचण मूल्यमापनाची आहे. दोन विद्यार्थ्यांनी परस्परविरुद्ध निर्णय घेतले तरी कारणमीमांसा चांगली असल्यास दोघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतात. त्यामुळे अशा प्रश्नासाठी नमुना उत्तर तयार करता येत नाही, आणि सध्याच्या परीक्षापद्धतीत नमुना उत्तराशिवाय प्रश्नपत्रिका पुढे जात नाही. तोवर हा प्रयोग अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत बसविणे, एवढाच मार्ग प्राध्यापकांच्या हाती आहे.