मिस्त्रीच्या दाखल्यावर सही कोणाची?

वाशिम जिल्ह्यातला, समजा रिसोडकडचा, एखादा मिस्त्री घ्या. घराचं काम त्यानं उक्तं घेतलंय. चार मजूर लावलेत, अन् स्वतःही थापी घेऊन भिंतीपाशी उभा आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ही अट 1996 च्या कायद्यापासूनची. मजुरांच्या दाखल्यावर ठेकेदार म्हणून हा सही करू शकतो. याच्या दाखल्यावर कोण करणार? ग्रामसेवकाकडे गेला, तर ‘तुम्ही तर ठेकेदार’ असं ऐकावं लागू शकतं. आता गंमत बघा, 2008 च्या असंघटित कामगार कायद्यानं स्वयंरोजगार करणाऱ्यालाही कामगारच मानलं. ई-श्रमवर त्याची नोंदही होते. पण नोंद म्हणजे पेन्शन नव्हे, इथं बरेचजण फसतात. श्रमयोगी मानधन घ्या किंवा अटल पेन्शन, दोन्हींत शिरायचं ते वयाच्या 40 पर्यंतच. पंचेचाळिशीतल्या मिस्त्रीला ती दोन्ही दारं बंद. राहिलं मंडळ, साठीपर्यंत. आणि तिथं पुन्हा तोच 90 दिवसांचा कागद.