गाडीतली शिट्टी

अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचा सूर चढत जातो. दुकानदार म्हणतो, अॅम्प्लिफायर गेला. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी एसी वीज डायोड डीसी करतात, पण थोडे तरंग उरतातच. स्टीरिओ आणि अॅम्प्लिफायरचं अर्थिंग वेगवेगळ्या जागी असेल, तर त्या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो आणि हे तरंग आरसीए केबलवाटे आवाजात घुसतात. केबल अॅम्प्लिफायरपासून काढल्यावर शिट्टी थांबली, तर ती याच वाटेने येते आहे.

अर्थिंगची वायर जाड आणि आखूड हवी. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकाकला पाहिजे. रंगावरच बोल्ट आवळणारे कारागीर काही कमी नाहीत!

शिट्टी थांबली, की पाळी अॅम्प्लिफायरवरच्या गेनची. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टीरिओच्या सिग्नलशी अॅम्प्लिफायर जुळवायची ती सोय आहे. 4 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट द्यायचे, तर 50 गुणिले 4 म्हणजे 200, त्याचं वर्गमूळ साधारण 14 व्होल्ट. स्पीकर सोडवा, टेस्ट टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि 14 दिसेपर्यंतच गेन वाढवा. अॅम्प्लिफायरच्या कुवतीपलीकडे गेलात, तर लाटांचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि बहुधा आधी ट्वीटर जळतो.

बॅटरीकडून अॅम्प्लिफायरला येणाऱ्या वायरवरचा मुख्य फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. तो अॅम्प्लिफायरपेक्षा वायरसाठी असतो: ती पत्र्याला घासून सोलली, तर आग तिथूनच लागते.